गळलेले देठ

झाडाच्या बुंध्यातून डिंक गळत होता आणि नवऱ्याच्या अंगठ्यातून पू. दोन्हीकडे बघायचं तिलाच होतं. सकाळी उठून आधी मागच्या भिंतीजवळ जायचं, झाडाभोवती फिरायचं, मग घरात येऊन अंगठ्याची पट्टी सोडायची. दोन्हीकडे कालच्यापेक्षा आज थोडं जास्तच.

झाड संत्र्याचं. सासऱ्यांनी लावलेलं. सासरे गेले, झाड राहिलं, आणि झाडावर घर राहिलं. रानलिंबाची रोपं पिशव्यांत वाढवायची, पेन्सिलीएवढी जाड झाली की तोच खुंट. झाडाच्या काडीवरचा डोळा, म्हणजे पानाच्या कुशीतली ती बारीक कळी, सालीसकट उचलायचा आणि खुंटाच्या सालीखाली भरायचा. डोळा फुटला की खाली मूळ रानलिंबाचं आणि वर झाड संत्र्याचं. बागवाले लांबून यायचे आणि एकच विचारायचे, "भिंतीजवळच्या झाडाचंच आहे ना?" हो म्हटलं की गाडीत रोपं चढायची. नुसती रोपं काय, कुठेही मिळतात.

आता त्या झाडाची साल बुडाशी कुजत चालली होती. दाबली की बोट आत जायचं.

"कुजीने बुंधा गोल वेढला की संपलं," नवरा म्हणाला. पंपाचा पट्टा चढवताना उजवा अंगठा आत गेला होता, तेव्हापासून तो हात छातीशी धरून चालायचा, तान्हं पोर धरावं तसा. "सालीची एवढी पट्टी जिवंत आहे." त्याने डाव्या हाताचा तळवा बुंध्याला लावून दाखवला. "वरचा पाला तेवढ्यावर हिरवा आहे."

"लेप लावला ना आपण?"

"लावला. मेलेल्याला उटणं."

आपण विकलेल्या रोपांच्या एका बागेत ती आधीच जाऊन आली होती. आपल्याच झाडाची लेकरं, चार काड्या देतील. फाटकावरच्या माणसाने तिला उन्हात उभं केलं, आत जाऊन आला आणि एक जुडी हातात टेकवली. घरी येऊन तिने पान चुरडलं. वास रानलिंबाचा, काडीला हे लांब काटे. त्याने कलमाच्या खालून फुटलेले रानटी फुटवे कापून दिले होते. हसला होता का तो, हे आठवत ती दोन दिवस कुढत राहिली.

म्हणजे जे करायचं ते या झाडावरून, आणि आत्ता. आणि चाकू धरणारा अंगठा पट्टीत.

"तू भर," नवरा म्हणाला. म्हणताना तिच्याकडे पाहिलं नाही.

*

ती पिशव्यांच्या दोन रांगांमध्ये उकिडवी बसली. तो पालथ्या बादलीवर.

"आडवी रेघ मार. खोल नको, साल तेवढीच. आता तिच्या मधून खाली उभी. हां. आता चाकूचं मागचं बोथट टोक घाल आणि साल उचल."

"उचलत नाही."

"हळू."

"हळूच करतेय. उचलत नाही म्हणजे नाही."

साल उचलली नाही, फाटली. दुसऱ्या खुंटाचीही फाटली. तिसऱ्याची चिंध्या होऊन आली. त्याने डाव्या हाताने चाकू ओढून घेतला, आपण करायला गेला, आणि चाकू मातीत पडला. तिने उचलून पदराला पुसला.

"तहानलीत," तो शेवटी म्हणाला. "साल आणि लाकूड यांच्या मधे एक ओला थर असतो. कागदापेक्षा पातळ. झाड उंच होतं शेंड्याने, पण जाड होतं ते त्या थरात. आत लाकूड घालतो, बाहेर साल. तो जागा असला की साल आपण होऊन सुटते. पाणी नसलं की तो निजतो, साल हाडाला चिकटते. निजलेल्याच्या कुशीत डोळा ठेवून काय उपयोग? धरणार कोण?"

"मग पाणी घालू."

"कुठलं घालतेस?"

खरंच होतं. उन्हाळा हटत नव्हता. पंप खाकरायचा, दोन गुळण्या पाणी टाकायचा आणि गप्प व्हायचा. विहिरीच्या तळाशी पाणी होतं, पण ते दोराने ओढावं लागायचं. आणि दोर ओढणारं माणूस घरात एकच रिकामं होतं.

आक्का. नवऱ्याची थोरली बहीण. शहरात दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी पिळून पिळून मनगटं जाड झालेली, तिचा नवरा वारल्यावर अन् पोटी कुणी नसल्यावर माहेरी परत आलेली. घरात आली तेव्हा ट्रंक दाराशी ठेवून तिने पहिली गोष्ट विचारली होती, "पोहरा तोच आहे का गं?"

"मी ओढते पाणी," आक्का म्हणाली. "या घरात माझं दुसरं काम काय होतं?"

ती ओढायची आणि ओढता ओढता गुणगुणायची. आवाज बारीक, दोराच्या कुरकुरीत मिसळलेला:

*दोर ओढता ओढता हाताला चावला,*
*बाप म्हणे लेकी, पाय वाफ्याला लागला.*

"कुणाचं गं हे, आक्का?" भावाने विचारलं.

"विहिरीचं," आक्का म्हणाली आणि पोहरा सोडला.

अंघोळी अर्ध्या बादलीवर आल्या. भांड्यांचं पाणी खुंटांना गेलं. आक्का रांगेच्या तोंडाशी घागर ठेवायची आणि मागे फिरायची. रांगेत पाय टाकायची नाही. कुणी टाक म्हणालंही नाही.

*

आणि एका सकाळी साल सुटली.

तिने बोथट टोक घातलं आणि साल दाराच्या दोन फळ्यांसारखी उघडली. आतलं लाकूड नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखं ओलं, चकचकीत. ती नुसती बघत राहिली. एवढ्या वर्षांत नवऱ्याच्या हाताखाली पट्ट्या कापल्या, पिशव्या भरल्या, पण हे त्याच्या पाठीआड व्हायचं.

"वाळेल! बघत काय बसलीस? डोळा सरकव!"

तिने सरकवला.

"उलटा!"

"काय उलटा?"

"डोळा उलटा गं! देठ खाली हवा, डोळा वर! डोक्यावर उभा केलास त्याला!"

"मग नीट सांगा ना आधी!"

"हे काय सांगायचं? हाताला कळतं ते!"

"तुमच्या हाताला कळतं. माझा हात काल जन्मला. एवढी घाई असेल तर भरा ना तुम्हीच, नाकाने भरा!"

विहिरीवर आक्काचा दोर थांबला. मग तिचं हसू ऐकू आलं, आणि नवराही नाइलाजाने नाकातून हसला. हसताना अंगठा हलला आणि तो कळवळला.

मग काम लागलं. पाठ मोडली, मांड्या भरून आल्या, बोटांना संत्र्याच्या काडीचा कडू वास बसला. पान कापायचं, पण त्याचा देठ ठेवायचा, डोळ्याला धरायला मूठ म्हणून. देठ धरून डोळा सालीखाली सरकवायचा, वरून खालून प्लास्टिकची पट्टी आवळायची, डोळा तेवढा उघडा. संध्याकाळी तो रांगेतून फिरायचा आणि डाव्या हाताच्या बोटाने एकेक दाखवायचा. "ही सैल. ही आणखी सैल. ही बरी." बरी म्हणताना त्याचा आवाज पडायचा. तिला ते कळायचं. आपल्या हाताला जे येत चाललंय ते त्याच्या हातातून जातंय, हे दोघांनाही दिसत होतं आणि दोघंही पट्टीबद्दल बोलत होते.

झाडाच्या काड्या संपल्या. उरल्या त्या वाळक्या. शेवटचा डोळा भरला तेव्हा त्याने तिला एक खूण सांगितली.

"आता देठाकडे लक्ष ठेव. थोड्या दिवसांनी बोट लावलं की देठ पिवळा होऊन टपकन गळला, तर समज डोळा जगला. झाडच नको असलेला देठ टाकून देतं. टाकायलाही जीव लागतो. आणि देठ काळा पडून चिकटून बसला, तर डोळा मेला. मेलेल्याला काही सोडता येत नाही."

ती हे मनात घेऊन हिंडली. घरात तिला कुणी आपण होऊन काही सांगितलेलं हे पहिलंच. आक्काने एकदा विचारलं, "काय सांगत होता गं धाकटा एवढं?" तेव्हा ती म्हणाली, "कामाचं." आणि पिशवी नीट करायला वाकली.

*

अंगठा काळा पडला तेव्हा जावंच लागलं. शहराच्या दवाखान्यात त्याला ठेवून घेतलं. निघताना गाडी दारात भोंगा वाजवत होती, तो तापाने डोळे मिटून बसला होता.

"आक्का, पाणी तेवढं घाला," ती म्हणाली.

"घालते की. जा तू."

"नुसतं पाणी घाल!" गाडीतून तो ओरडला. "हात लावू नकोस कशाला!"

आक्काने पदर तोंडाशी धरला. "लहानपणापासून हेच ऐकतेय," ती म्हणाली, पण गाडीच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

दवाखान्यात अंगठ्याचं वरचं पेर काढलं. शुद्धीवर आल्यावर त्याने पट्टीतला हात वर धरून पाहिला. मग म्हणाला, "झाडाचा शेंडा कापला तर बाजूने दोन फुटतात."

"हं."

"माणसाला एवढंही दिलं नाही."

ती त्याच्या पायांवरची चादर सारखी करत राहिली.

परत आले तेव्हा ऊन कलत होतं. आक्का दारातच उभी होती, चेहरा उजळलेला. त्याच्या हाताकडे बघून तो क्षणभर विझला, पण बातमी पोटात राहत नव्हती.

"ये, आधी पाणी पी. आणि ऐका, काळजी करू नका. पाणी फार कमी होतं विहिरीला, सगळ्यांना पुरेना. मग मी काय केलं, रांगेत शिरले आणि निवडून काढली. मेलेली काढून टाकली, जगलेल्यांनाच पाणी घातलं. डोकं चालवलं जरा."

ती उंबऱ्याशीच थांबली.

"मेलेली कशी ओळखलीत, आक्का?"

"अगं, त्यात काय? देठ पिवळे पडले, नुसता धक्का लागला की गळायचे. जीवच नव्हता त्यांच्यात. चांगली होती त्यांचे बघ कसे घट्ट धरून आहेत. काळे झालेत थोडे, पण सोडत नाहीत!"

ती धावली. रांगा विरळ झाल्या होत्या, दात पडलेल्या तोंडासारख्या. उभ्या खुंटांना पाणी भरपूर, माती काळी ओली. तिने पहिल्या देठाला बोट लावलं. घट्ट. दुसरा. घट्ट. ती रांगभर गेली, प्रत्येकाला बोट लावत, आणि एकही देठ गळला नाही. प्रत्येक देठ काळा, कोरडा, चिकटलेला; पट्टीत सुकलेला डोळा भाताच्या करपलेल्या शितासारखा.

"बाकीची कुठे?"

"भिंतीजवळ. माती झाडून घेतली, पिशव्या परत कामाला येतील म्हणून."

भिंतीच्या सावलीत रोपांचा ढीग होता. मुळं उघडी. नव्या मुळांची पांढरी कोवळी टोकं, ज्यांनी रोप पाणी पितं, तीच आधी वाळून तपकिरी झाली होती. बोट लागताच दोऱ्यासारखी तुटत होती. आणि वर, पट्टीच्या मधे, देठ गळून गेलेली स्वच्छ जागा आणि तिच्या वर डोळा. हिरवा. टपोरा. फुगलेला. एकेक असा.

नवरा मागून आला. पाहिलं. मग तो बहिणीवर जे ओरडला ते शेजारच्या घरापर्यंत गेलं. आक्का थिजून ऐकत होती. मग तिचाही आवाज चढला, कधी न चढलेला.

"मला कुणी सांगितलं? सांग ना, कुणी सांगितलं? बाबांनी मला रांगेत पाय टाकू दिला नाही, पाणी मात्र माझ्याकडूनच ओढून घेतलं. तू म्हणालास पाणी घाल. ही म्हणाली पाणी घाला. देठाचं एक वाक्य माझ्या कानावर घातलं असतंत तर जीभ झिजली असती तुमची?"

ती ढिगाशीच वाकून होती. कामाचं, असं म्हणून पिशवीवर वाकलेली आपली पाठ तिला दिसत होती.

"परत लावू ना ही," आक्का ढिगापाशी बसत म्हणाली. "मी लावते. रात्रभर पाणी ओढते."

"पिणार कशाने?" तो थकून म्हणाला. "मुळांची टोकं गेली. नवी टोकं फुटेतो वरचं वाळतं."

इकडे जिवंत डोळे मरत्या खुंटांवर. तिकडे मेलेले डोळे जित्या खुंटांवर.

चाकू तिच्या कमरेलाच होता.

"हे डोळे काढून त्या उभ्या खुंटांत भरले तर?" ती म्हणाली.

"एकदा धरलेला डोळा? पुन्हा?"

"लाकडासकट काढू. दुसऱ्या बाजूने साल उघडू. आक्कांनी पाणी तर पाजलंय भरपूर. सुटेल साल."

"धरणार नाही."

"नाही तर नाही."

त्याने डाव्या हाताने बादली पालथी घातली आणि बसला. "उजेड आहे तोवर," तो म्हणाला. "आक्का, ओलं फडकं आण. ढीग झाक आधी."

आक्का एकेक रोप फडक्याखालून काढून द्यायची. रांगेच्या तोंडाशी उभी राहून, हात लांब करून. ती रांगेत बसून डोळा कापायची, तासायची, भरायची. कितीतरी डोळे तासताना फुटले. कितीतरी खुंटांची साल मधेच फाटली. तो एकदाही ओरडला नाही, आणि ते तिला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. दिसेनासं झालं तेव्हा ढिगात अजून रोपं उरली होती. सकाळपर्यंत त्यांचे डोळे सुरकुतले.

*

आता बघायला देठही नव्हते. खूणच गेली. जगला की मेला, कळायला वाट नाही. नख लावून बघावं तर नखानेच मरायचा. तिघं रोज रांगेशी जायची आणि तशीच परत यायची.

पुढे त्याने खुंटांचे शेंडे मारायला सांगितले. "वरचा शेंडा आहे तोवर सगळं तोच ओढतो, खालचा डोळा झोपून राहतो. शेंडा मारला तर जागा होईल. असला तर." तिने एकेक शेंडा कापला. उरल्या त्या उघड्या काठ्या. येणारे-जाणारे विचारू लागले, काठ्या का पेरल्यात?

आक्का पहाटेच उठून रांगेशी बसायची, हात मांडीखाली दाबून, जणू तेच गुन्हेगार. एकदा धावत आली. "हिरवं दिसतंय! फुटलंय!"

ती धावली. पट्टीच्या खालून फुटलं होतं. पान चुरडलं, रानलिंबू. काटाही होता. तिने नखाने खुडून टाकलं.

परत एकदा आक्का आली, परत रानटी फुटवा. परत. चौथ्यांदा ती आक्कावर खेकसली, "पट्टीच्या वर बघा, आक्का! वर! खालचं आपलं नाही!" त्यानंतर आक्का सांगायला यायची बंद झाली.

भिंतीजवळच्या झाडाची तळहाताएवढी जिवंत पट्टीही कुजली. पानं आधी मिटली, मग एका वाऱ्यात उतरली. कुऱ्हाड लावायला माणूस बोलवावा लागला. नवऱ्याला दांडा धरता येत नव्हता. लाकूड फुटताना आत अजून थोडा संत्र्याचा वास होता. बागवाल्याची एक गाडी त्याच दिवशी दारात थांबली, आतल्या माणसाने ओंडका पाहिला, आणि गाडी न वळता तशीच मागे गेली.

त्याच्या पुढल्या की त्याच्याही पुढल्या सकाळी ती चूल पेटवत होती तेव्हा आक्का दारात येऊन उभी राहिली. हात मागे.

"मी हात लावला नाही," आक्का म्हणाली. "आधीच सांगते."

"काय झालं?"

"पट्टीच्या वर आहे. काटा दिसत नाही. जवळ नाक नेऊन वास घेणार होते, पण रांगेत जावं लागतं, म्हणून गेले नाही."

ती लाकूड तसंच टाकून उठली. नवराही मागे आला. एका काठीला, तिने दुसऱ्या बाजूने उघडलेल्या सालीत, डोळा उघडला होता. त्यातून मुगाच्या मोडाएवढं हिरवं टोक, अजून घडी न मोडलेलं.

तिने बाकीच्या काठ्या पाहिल्या. सगळ्या. मग पुन्हा सगळ्या.

"एक," नवरा म्हणाला. "एवढ्या सगळ्यात एक." तो मटकन बादलीवर बसला. "याची काडी व्हायला किती काळ. तोवर खायचं काय, या एका डोळ्याने?"

त्या हिरव्या टोकाच्या खाली, पट्टीच्या बुडाशी, एक जाडजूड रानटी फुटवा जोरात निघाला होता. तो राहिला असता तर वरचं एवढंसं चार दिवसांत उपाशी मेलं असतं.

आक्का रांगेच्या तोंडाशीच होती. "तो खालचा," ती हळूच म्हणाली, "तो काढायचा ना?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो मातीकडे बघत होता. मग तिने बाजूला सरून पिशव्यांमध्ये एका माणसापुरती जागा केली.

"काढा, आक्का. बुडातून. वरच्याला धक्का लावू नका."

आक्काने चपला काढल्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचली, आणि बापाच्या वाफ्यात पाय टाकला.